शेवटच्या रिळाची पट्टी

ते पिक्चर टीव्हीवर लागलं की मी उठून जाते. मुलगी म्हणते, "आई, बस की जरा. अख्खं जग रडतं या पिक्चरला." रडू दे. जगाचं काय जातंय? तीन तास रडायचं, नाक शिंकरायचं आणि जेवायला बसायचं. मला तो शेवट बघवत नाही, आणि का बघवत नाही हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगते. ज्यांना सांगायला हवं होतं त्या माझ्या नणंदबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांनी मला शेवटपर्यंत काय समजलं, हा एकच प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

पिक्चर तुम्ही पाहिलं असेल. नसेल तर थोडक्यात सांगते. जुनं, काळं-पांढरं हिंदी पिक्चर. तो नदीच्या पुलावर दिवे लावणारा, ती कापडाच्या व्यापाऱ्याची बहीण. दोघांचं जमतं, भाऊ आडवा येतो, तिला खोलीत कोंडतो. मग तो चिठ्ठी पाठवतो की पुलावर ये, मी उजाडेपर्यंत थांबतो. चिठ्ठी पडते तिच्या भाभीच्या हातात. भाभी ती वाचते आणि पिठाच्या डब्यात दडवते. तो वाट बघतो, बघतो, आणि शेवटी पाण्यात उतरतो. ती मागाहून कशीबशी सुटून येते, पुलावरचे दिवे विझलेले बघते, आणि तीही त्याच पाण्यात. संपलं. थेटरातून बाहेर पडताना लोक भाभीला शिव्या घालत जायचे.

वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदबाईंनी, हे पिक्चर शेकडो वेळा पाहिलं, आणि तेही हातांनी.

वन्सं माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. आई-वडील लवकर गेले, भाऊ शाळेत होता, तेव्हा सतराव्या वर्षी त्यांनी पिक्चर वाटणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात काम धरलं. काम रिळं तपासायचं. गावोगावच्या टॉकीजमधून पिक्चरच्या प्रती पत्र्याच्या डब्यांतून परत यायच्या. एका प्रतीत चौदा, पंधरा, सोळा रिळं. प्रत्येक रीळ टेबलावर चढवायचं, उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतून अख्खी फिल्म सरकवायची. हातात सुती मोजा, पण त्या दोन बोटांची टोकं कापलेली, म्हणजे कडेची छिद्रं कुठे फाटलीत ते कातडीला कळतं. फाटलेलं सापडलं की थांबायचं, पात्यानं कापायचं, खरवडायचं, सिमेंटचा एक हात फिरवायचा, दाबून धरायचं आणि दहा आकडे मोजायचे. सिमेंट म्हणजे बाटलीतलं, पातळ, डोक्यात जाणाऱ्या वासाचं. तो वास वन्संच्या केसांना असायचा, उशीला असायचा. गोदामात सगळे त्यांना जोडबाई म्हणायचे. त्यांचा जोड मशीनमधून जाताना आवाजसुद्धा करत नाही, अशी ख्याती होती.

घरीही बोटं गप्प बसायची नाहीत. रजईची कड, टेबलक्लॉथची कड, माझ्या मुलीच्या वहीची कड, जे हातात येईल ते दोन बोटांतून सरकवत बसायच्या. मी चिडायचे. "वन्सं, ते पिक्चर नाहीये, वही आहे." त्या म्हणायच्या, "तपासून ठेवलेलं बरं असतं गं."

मी म्हणायचे, एकदा थेटरात जाऊन बघा की नीट, गाणी ऐका. तर म्हणाल्या, "तिथे फार पळतं ते. माझ्या टेबलावर ती माझ्या बोटात थांबते." ती म्हणजे पिक्चरची नायिका. तिच्या डोळ्यांवर कुठल्या रिळात कितवा ओरखडा आहे हे वन्संना पाठ होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी काही हात लांब काळी पट्टी असते, चित्र नसलेली. ती पडद्यावर दिसत नाही. टॉकीजमध्ये मशीन चालवणाऱ्याला ऑपरेटर म्हणतात. हे ऑपरेटर त्या काळ्या पट्टीवर टाचणीनं कोरून निरोप लिहायचे. रीळ सहा, छिद्रं फाटलीत. रीळ नऊ, आवाज गेलाय. नुसती पट्टी बघितली तर काही दिसत नाही, काळ्यावर काळं. उजेडाला धरली की अक्षरं उजळतात. टेबलात काच बसवलेली होती आणि काचेखाली दिवा, त्यावर वन्सं पट्टी ठेवून वाचायच्या. काम झालं की स्वतः टाचणी घेऊन पट्टीवर कोरायच्या, "तपासली", आणि पुढे तारीख. तो त्यांचा शिक्का.

या पिक्चरच्या पाच प्रती होत्या. त्यातली तीन नंबरची प्रत दरवर्षी लांबच्या एका छोट्या गावातल्या टॉकीजला जायची. तिथल्या लोकांना या पिक्चरचं वेडच होतं. एकदा मालगाड्या बंद पडल्या म्हणून तिथला ऑपरेटर स्वतःच डबे घेऊन आला, दोन बसगाड्या बदलून. प्रत फार फाटली होती. वन्सं म्हणाल्या, बसा, संध्याकाळपर्यंत होईल. तो नुसता बसला नाही, दांडा फिरवायला लागला. दिवसभर तो दांडा फिरवतोय आणि या फिल्म धरतायत. वन्संनी घरी येऊन मला एवढंच सांगितलं, "त्यांचा हात एका लयीत फिरतो. झटका देत नाहीत." बाईमाणसाला कोणाचं काय आवडेल सांगता येत नाही. पण भाजी चिरता चिरता मी मान वर केली आणि त्यांचं तोंड बघितलं, तेव्हाच मला कळलं.

पुढच्या वर्षी प्रत परत आली तेव्हा शेवटच्या रिळाच्या पट्टीवर कोरलेलं होतं, "नायिकेच्या डोळ्यावर नवीन ओरखडा आलाय. माझ्या मशीनचा नाही." वन्संनी प्रत पाठवताना खाली उत्तर कोरलं, "ठाऊक आहे. मधल्या टॉकीजचा आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." झालं, एवढ्यावर सुरू झालं. प्रत तिकडे जायची वर्षातून एकदा, फार तर दोनदा. म्हणजे हा प्रश्न विचारणार उन्हाळ्यात आणि उत्तर मिळणार पुढच्या थंडीत. सहा वर्षांत सगळे मिळून नऊ की दहा निरोप. मला सगळे माहीत होते. वन्सं घरी आल्या की चुलीपाशी उभ्या राहून सांगायच्या, लाजत, हसत, पस्तिशीची बाई.

"पत्र का नाही लिहीत सरळ?" मी विचारायचे. त्या म्हणायच्या, "पत्र लिहायचं म्हणजे काहीतरी म्हणायचं असावं लागतं. पट्टीवर कामाचंच लिहितो आम्ही." कामाचंच. एका निरोपात तो म्हणाला होता की इथले लोक शेवटचं रीळ उभं राहून बघतात. यावर वन्संनी कोरलं, "त्या नायकाला अक्कल नाही. एकच चिठ्ठी पाठवतो आणि जीव देतो. निरोप दोनदा पाठवावा." हे त्यांचं नेहमीचं होतं. घरी टीव्हीवर पिक्चर लागलं की त्या चिठ्ठीच्या प्रसंगाला मोठ्यानं म्हणायच्या, "अरे बाबा, दुसरी पाठव की." आणि भाभी चिठ्ठी पिठात खुपसायला लागली की माझ्या मांडीवर चापट मारायच्या. "आमची वहिनी नाही हो अशी." आम्ही दोघी हसायचो. माझे हे पेपरात डोकं घालून बसलेले असायचे, त्यांना कशाचाच पत्ता नाही.

मग तो ताप आला. वन्सं छत्तीस वर्षांच्या, माझी मुलगी तीन वर्षांची. ताप कसला, आग. तीन आठवडे अंथरूण सुटलं नाही. गोदामात दुसरं कोणी रिळं तपासणारं नव्हतं. वन्संनीच मला हौसेनं थोडं शिकवलं होतं, म्हणून साहेबांनी निरोप पाठवला की वहिनींना पाठवा. मुलीला शेजारणीकडे ठेवून मी जायला लागले. आमच्या आळीत मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण त्या टेबलापाशी माझी दातखीळ बसायची. वन्सं बिछान्यातून दोनच गोष्टी सांगायच्या. कड सोडू नकोस. आणि पट्टी कापायच्या आधी उजेडाला धर.

तीन नंबरची प्रत आली तो दिवस मंगळवार होता. सोळा रिळं, आणि संध्याकाळच्या गाडीनं ती प्रत दुसऱ्या गावाला जायची होती. साहेब दर अर्ध्या तासानं डोकावून जात होते. घरी वन्संचा ताप चढलेला, शेजारीण म्हणाली होती मुलगी सकाळपासून रडतेय. शेवटचं रीळ चढवलं तेव्हा बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता. शेवटच्या पट्टीची कड दोन्ही बाजूंनी पार फाटलेली. अशी पट्टी ठेवायची नसते, बदलायची असते, हे मला शिकवलेलं. मी पातं मारलं, जुनी पट्टी टेबलाखाली टाकली, नवी कोरी पट्टी जोडली, डबा बंद केला. उजेडाला धरायची राहिली.

निघताना टेबलाखाली पडलेल्या चार-पाच लांब पट्ट्या मी पिशवीत टाकल्या. त्या बांधाबांधीला फार चांगल्या, सुतळीपेक्षा चिवट. आम्ही नेहमीच आणायचो.

घरी पोचले तर वन्सं उशीला टेकून बसलेल्या. डोळे लाल, ओठ फुटलेले. मी चप्पल काढतेय तोवर विचारलं, "तीन नंबर आली?"

"आली."

"शेवटच्या रिळाची पट्टी बघितलीस? काही होतं?"

 कापली म्हणाले असते तर उजेडाला का नाही धरली हे आलं असतं. मी दिवसभराची पिचलेली, मुलगी कडेवर किंचाळतेय. मला बोलणी खायची ताकद नव्हती. मी म्हटलं, "नाही हो. कोरी होती."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी मनात म्हटलं, उद्या गोदामातल्या कचऱ्याच्या टोपलीत शोधते आणि बघते. दुसऱ्या दिवशी टोपली रिकामी झालेली. संपलं, असं मी धरून चालले. पिशवीतल्या पट्ट्या मला आठवल्या नाहीत. आजवर मी स्वतःला हेच सांगत आले की आठवल्या नाहीत. खरं सांगू? आठवल्या असाव्यात. स्वयंपाकघराच्या खिळ्याला ती पिशवी आठवडा-दीड आठवडा लटकत होती आणि तिच्याकडे बघायचं मी टाळत होते एवढं मला पक्कं आठवतं. त्यात काही निघालं असतं तर मी खोटी पडले असते. आणि दुसरंही एक आहे. वन्सं निघून गेल्या तर या घराचं काय, माझ्या मुलीला त्यांच्यासारखं कोण बघणार, हा विचार मला कधी शिवलाच नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. दहा-बारा दिवसांनी सासूबाईंची जुनी जाड रजई माळ्यावर टाकायची होती. पिशवीतली एक पट्टी ओढली, न बघता रजईला आवळली, गाठ मारली आणि गाठोडं वर ढकललं.

वन्सं बऱ्या झाल्या, कामाला लागल्या. तीन नंबरची प्रत कुठे कुठे फिरून आली, पण त्या गावाला पुन्हा गेली नाही. चार-सहा महिन्यांनी गाडीवाल्यानं सांगितलं, ती टॉकीज बंद पडली, तिथे आता धान्याचं कोठार झालंय. ऑपरेटर? तो गेला केव्हाच, कुठे ते माहीत नाही. त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. भांडी विसळता विसळता मला एकदाच म्हणाल्या, "एक ओळ लिहायला काय झालं होतं गं?" मी नळ मोठा सोडला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं.

त्यानंतर त्यांनी त्या माणसाचं नाव काढलं नाही. लग्नाचा विषय कोणी काढला तर हसून उडवून लावायच्या. माझ्या मुलीला त्यांनी वाढवलं म्हटलं तरी चालेल. वेण्या, अभ्यास, ताप, परीक्षा, सगळं आत्याकडे. मुलगी कॉलेजात असताना माझे हे गेले, तेव्हा मी महिनाभर भिंतीला टेकून बसले होते, तर वन्संनी घर ओढलं आणि मला भरवलं, अक्षरशः घास करून भरवलं. पुढे रिळं गेली, गोदाम बंद झालं, टॉकीजमध्ये डबेच येईनासे झाले. वन्संची बोटं मात्र चालू होती, माझ्या ओढणीची कडसुद्धा तपासायच्या. मागच्या वर्षी एकाहत्तराव्या वर्षी त्या गेल्या. सकाळचा चहा अर्धा राहिला होता. कोणाला त्रास नाही, काही नाही.

दोन महिन्यांनी मुलगी म्हणाली, आई, माळा रिकामा करू या. ती शिडीवर चढून एकेक वस्तू खाली देत होती आणि मी खिडकीपाशी बसून निवडत होते. सासूबाईंची रजई आली. मला आठवलं, ही रजई आता काढायची नाही, विरली आहे, असं वन्संनी एकदा बजावलं होतं. म्हणून आम्ही तिला हात लावला नव्हता. मी गाठ सोडायला गेले. गाठ माझीच होती, माझी गाठ मला कळते, डावीकडून उलटी. म्हणजे निदान मला तसं वाटलं. पट्टी हातात आली. खिडकीतून ऊन येत होतं, आणि पट्टी आपोआप उन्हापुढे आली.

अक्षरं उजळली.

त्याचंच अक्षर होतं, बारीक, सरळ. मी पुन्हा पुन्हा वाचलं, त्यामुळे पाठ आहे. "टॉकीज या महिन्यात बंद होते आहे. मला दुसऱ्या गावी काम मिळालंय, राहायला दोन खोल्या आहेत. येत्या पंधरा तारखेला, शनिवारी, तुमच्या शहरातून गाडी बदलणार आहे. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत स्टेशनच्या मोठ्या घड्याळाखाली थांबतो. तुम्ही आलात तर सोबत जाऊ. नाही आलात तर मी उत्तर समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही. निरोप दोनदा पाठवावा असं तुम्ही म्हणता. पण ही प्रत आता इथे परत येणार नाही, म्हणून एकदाच."

 पहिल्यांदा काय आलं असेल माझ्या मनात? राग. त्या माणसाचा. अरे बाबा, पोस्टाचं पत्र टाक की एक. गोदामाचा पत्ता होता की डब्यांवर. दुसरी पाठव की. आणि मग मला ऐकू आलं की मी वन्संचं वाक्य बोलतेय, त्यांच्याच सुरात.

तो शनिवार मला आठवतो. त्या दिवशी ताप उतरेना म्हणून मी बर्फ आणायला गेले होते. बर्फाचा कारखाना स्टेशनच्या पलीकडे. स्टेशनच्या पुलावरून जाताना मी ते मोठं घड्याळ बघितलं होतं, साडेअकरा. उशीर झाला म्हणून पळत सुटले. घड्याळ बघितलं तर घड्याळाखालीही बघितलंच असेल ना. तिथे एक माणूस सामान घेऊन उभा असणार. बर्फ ओढणीत गुंडाळून मी परत आले तेव्हाही तो तिथे असणार. आता रोज दुपारी माझ्या डोळ्यांपुढे तो पूल येतो. खाली बघायचा प्रयत्न करते, पण त्याचं तोंड दिसत नाही, मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

इथवर असतं तरी मी रडून मोकळी झाले असते. वन्संना कळलं नाही, त्या मला चांगलं समजून गेल्या, एवढा आधार राहिला असता. मी पट्टी गुंडाळायला घेतली. आणि वन्संचं बघून बघून माझीही दोन बोटं कडेवरून सरकायला लागली. मधोमध बोट अडलं. अडलं म्हणजे जेमतेम, केसाएवढं.

जोड होता.

पट्टी जुनी होऊन तिथे तुटली होती आणि कोणीतरी जोडली होती. खरवडून, सिमेंट लावून, दाबून, दहा मोजून. माझे जोड जाड यायचे, सिमेंट बाहेर ओघळायचं. हा जोड डोळ्याला दिसत नव्हता. असा जोड एकाच हाताचा. मी पट्टी पुन्हा उन्हात धरली आणि टोकापर्यंत गेले. त्याचा निरोप संपतो तिथून वीतभर पुढे वन्संच्या अक्षरात कोरलेलं होतं, "तपासली". आणि तारीख.

ती तारीख बावीस वर्षांपूर्वीची. मुलगी दहावीला होती ते साल.

म्हणजे त्यांनी ती रजई कधीतरी काढली, पट्टी तुटून हातात आली, आणि आयुष्यभराच्या सवयीनं उजेडाला धरली. वाचलं. तेरा वर्षांपूर्वीचा शनिवार वाचला. मग कोरी होती म्हणणारी वहिनी आठवली असणार. मग पट्टी गोदामात नेली असेल, जोडली, तपासली लिहिलं, परत आणून रजईला बांधली, माझ्यासारखी डावीकडून उलटी गाठ मारून. आणि मला म्हणाल्या, ही रजई आता काढायची नाही, विरली आहे.

ते साल मी उकरून उकरून आठवते. मुलीला अभ्यासाला वेगळी खोली हवी म्हणून वन्संनी त्याच वर्षी आपली खोली तिला दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात अंथरूण घातलं. त्या तारखेला काय झालं होतं? काही आठवत नाही. साधा दिवस असणार. त्या कामावरून आल्या असतील, मी चहा दिला असेल, भाजीला मीठ जास्त झालं म्हणून मीच कुरकुर केली असेल. एकच गोष्ट आठवते, आणि तेव्हा मी ती वयावर ढकलली होती. साधारण त्या वर्षापासून टीव्हीवर पिक्चर लागलं की वन्सं नायकाला ओरडायच्या बंद झाल्या. चिठ्ठी भाभीच्या हातात पडली की पाणी प्यायला उठायच्या. आमची वहिनी नाही अशी, हे पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

बावीस वर्षं. मी वाचून लपवलं असं त्या समजल्या असणार, दुसरं काय समजणार? पट्टी माझ्याच गाठीत, माझ्याच माळ्यावर. आणि अशा वहिनीला त्यांनी महिनाभर घास भरवले. एकदा भांडल्या असत्या, एकदा माझ्या अंगावर पट्टी फेकली असती, तर मी पायावर पडले असते आणि सगळं सांगितलं असतं. त्यांनी संधीच दिली नाही. की मीच द्यायला हवी होती?

मुलगी रद्दी द्यायला खाली गेली होती. मी शिवणाच्या डब्यातून टाचणी काढली. 'तपासली'च्या खाली थोडी जागा होती. मी कोरायला घेतलं, "मी वाचली नव्हती." 'मी'पर्यंत आले आणि हात थांबला. वाचली नव्हती हे खरं आहे. पण खिळ्याला लटकलेली पिशवीही खरी आहे. आणि वाचली असती तर त्यांना उठवून, रिक्षात घालून, त्या घड्याळाखाली नेलं असतं का, याचं उत्तर मला त्या टाचणीनं लिहिता येईना.

मग मी मोठ्यानंच बोलले. रजईकडे बघून म्हटलं, "वन्सं, मी कोरी होती म्हणाले ते खोटं होतं. मी उजेडाला धरलीच नव्हती हो."

मुलगी तेवढ्यात दारात आली होती. "कोणाशी बोलतेस गं आई? आणि हातात काय आहे ते?"

मी पट्टी रजईभोवती गुंडाळली आणि गाठ मारली.

"काही नाही," मी म्हटलं. "कोरी पट्टी आहे."